हरभरा मरतोय म्हणून पाणी वाढवू नका, आधी खोड चिरून बघा

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय, पुण्यातल्या टेरेस गार्डनवाल्यांपासून सासवडच्या मामापर्यंत सगळ्यांनी मला पाठवला. त्यात म्हटलंय की हरभरा-टोमॅटो मरायला लागले तर ती जमिनीतली उष्णता, पाणी वाढवा. झाडाला प्रतिकारशक्ती नसते, म्हणून दर आठ दिवसांनी बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओता. आणि एक वर्ष पीक बदललं की जमीन साफ. मामाने हे वाचून खरंच दोन पाणी जास्तीची दिली, म्हणून लिहायला बसले.

पाण्याचं आधी. रविवारी मामाच्या रानातलं माना टाकलेलं एक रोप उपटलं, मुळं बाहेरून चांगली धडधाकट, हाताला ओली माती लागतेय. ब्लेडने खोड उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ, मुळापासून वरपर्यंत. ती रेघ म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळाच्या टोकातून नाहीतर जखमेतून आत शिरते आणि त्या नळ्यांमधून वर चढते, नळीच चोंदली की खाली कितीही पाणी असलं तरी पानापर्यंत जाणार कसं? हाच मर रोग. उलट पाणी साचलं की पिथियमसारख्या रोगजंतूचं फावतं, त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत येतात, रोपवाटिकेत रोपं बुडाशी कोलमडतात ती बऱ्याचदा यानेच.

आता प्रतिकारशक्ती नसते म्हणे. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. रक्तातल्या पेशी, अँटिबॉडी झाडाला नसतात हे बरोबर, पण प्रत्येक पेशी स्वतः पहारा देते. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, त्याचे बारीक तुकडे मुळाच्या पेशीला ओळखू येतात. मग ती हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, स्वतःची भिंत जाड करते, बुरशीला मारक रसायनं बनवते, कायटिन तोडणारी एन्झाइम्स बनवते. एवढं करून बुरशी नळीत पोचलीच तर झाड ती नळी आतून फुगे आणि डिंक भरून स्वतःच बुजवतं. म्हणजे नळ्या चोंदतात त्या नुसत्या बुरशीने नाही, झाडाच्या बचावानेही. रोगाला दाद न देणारा वाण हे लवकर आणि खालीच करतो, दोनचार नळ्या गेल्या तरी बाकीच्या चालू राहतात. बळी पडणाऱ्या वाणात हे उशिरा होतं, तोवर बुरशी वर पसरलेली असते. राहुरीच्या विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण मर रोगाला टिकतात ते असल्याच अंगभूत ताकदीवर.

आळवणीचं थोडक्यात सांगते. नळीत शिरलेल्या बुरशीपुढे वरून ओतलेल्या औषधाचा फार उपयोग होत नाही, आणि कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक दर आठवड्याला ओतलंत तर जमिनीतली ट्रायकोडर्मा नावाची उपयोगी बुरशी, जी या बुरश्यांनाच खाते, तीही मरते. त्यापेक्षा पेरताना किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करा, खर्चही कमी.

एक वर्ष पीक बदललं की साफ, हेही खोटं. हरभऱ्याची मर आणणारी बुरशी हरभरा नसतानाही जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात ६ वर्षं मातीत तग धरते. कोथरूडला मावशीच्या कुंडीत टोमॅटोच्या बुंध्याशी पांढरा कापूस आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी, ती तर शेकडो पिकांवर जगते, तिथे टोमॅटोऐवजी मिरची लावून काय होणार! ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात टाकू नका. उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चारसहा आठवडे कडक उन्हात तापवली तर बराच फरक पडतो, काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

मामाने पाणी थांबवलंय, मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळलीत, आणि पुढच्या हंगामात त्या तुकड्यात हरभरा न घेता ज्वारी घ्यायची ठरलंय. चिरलेल्या खोडाचा फोटो मी त्याच ग्रुपवर टाकलाय, ज्यांची झाडं माना टाकतायत त्यांनी स्वतःचं एक चिरून शेजारी धरून बघा.