घार घिरट्या घालते, खालचं झाड पळत नाही

आठवडाभर चार जणांनी पाठवलेला मेसेज काल मावशीकडूनही आला. ती पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, तेही पश्चिमेकडे. खाली तिचा प्रश्न: "अरे, मग माझ्या तिकिटावर जाताना जास्त तास कसे? फसवलं की काय?" तोवर गप्प बसलो होतो.

मेसेजचं म्हणणं असं: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्काम आपणहून सरकत येतो आणि प्रवास झटपट संपतो. कंपन्या हे लपवतात, मुद्दाम वाकड्या मार्गाने नेतात आणि तास फुगवून सांगतात.

पहिल्याच मुद्द्याला कपाळावर हात मारला. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरते, खरंय. पण रनवेवर उभ्या असलेल्या विमानालाही तो वेग असतोच, आणि वरची हवाही जमिनीबरोबरच फिरते. नसती फिरली तर दोरीवरचे कपडेच काय, दोरी बांधलेली भिंतही उडून गेली असती. घार अर्धा तास एकाच जागी घिरट्या घालते. तेवढ्यात खालचं झाड शेकडो किलोमीटर पुढे गेलेलं कुणी पाहिलंय? हेलिकॉप्टर वर नेऊन नुसतं थांबवलं की परदेश खाली येणार असता, तर तिकीट कोण काढेल?

प्रत्यक्षात बहुतेकदा उलटंच होतं. न्यूयॉर्कहून लंडनला, म्हणजे पूर्वेला, साधारण सात तास. परतताना तासभर जास्त. कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. (त्याची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं श्रेय देऊन टाकू.)

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किमीवरून १५,३०० किमीवर गेलं. आणि वेळ? जवळजवळ दोन तासांनी कमी, साडेचौदा तासांवर. पूर्वेला गेलं, लांबून गेलं, तरी लवकर पोचलं, कारण वारा पाठीशी होता. मेसेजच्या हिशोबाने ते अजून सॅन फ्रान्सिस्कोच्या मागे धावत असायला हवं.

वाकड्या मार्गाचं म्हणाल तर पृथ्वीगोल घ्या, दोन विमानतळांमध्ये दोरा ताणा आणि तोच मार्ग सपाट नकाशावर काढा. कमान दिसेल, आणि तोच सगळ्यात जवळचा मार्ग. झालं.

तास फुगवण्याचं मात्र अर्धं खरं आहे. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते: रनवेपर्यंतचं रांगणं, उतरायची परवानगी मिळेपर्यंतच्या चकरा, सगळं त्यात. अंतराला विमानाच्या वेगाने (ताशी सुमारे ९०० किमी) भागून ती येत नाही. शिवाय कंपन्या थोडी जादा वेळ धरून ठेवतात, म्हणजे रखडलं तरी "वेळेवर पोचलो" म्हणता येतं. ही चलाखी आहेच. पृथ्वीचा त्यात दोष नाही.

वर मावशीला बजावलं, सुटण्या-पोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी करू नकोस. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, हे फोनवर दोनदा सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे येताना लवकर येणार ना?"

हो. बहुतेक.