गॉडफ्रे ड्युई: गावात ऑलिम्पिक आणणारा, स्पेलिंगशी भांडणारा

लायब्ररीत पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ दिसलं की समजायचं, मराठी साहित्य. ही पद्धत काढणारा मेलव्हिल ड्युई बऱ्याच जणांना माहितीये, मला आज त्याच्या मुलाबद्दल लिहायचंय, गॉडफ्रेबद्दल.

न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक डोंगरांत लेक प्लॅसिड नावाचं गाव, तेव्हा वस्ती चार हजारही नाही, तिथे वडिलांनी काढलेला क्लब. १९२८ मध्ये गॉडफ्रे अमेरिकन स्की टीमचा मॅनेजर म्हणून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिम्पिकला गेला, तिथलं सगळं बघितलं आणि मनात घेतलं की हे आपल्याकडे करायचं. १९२९ ला यजमानपद मिळालं आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. बॉबस्लेचा (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा) ट्रॅक आधी सरकारी राखीव जंगलात होणार होता, त्यावर निसर्गप्रेमी कोर्टात गेले, कोर्टाने झाडं तोडायला मनाई केली (बरोबरच केलं), मग तो क्लबच्या जमिनीवर झाला. डिसेंबर १९३१ मध्ये वडील गेले आणि ४ फेब्रुवारी १९३२ ला गव्हर्नर रूझवेल्टने उद्घाटन केलं, १७ देश आले. एवढ्याशा गावात!!

पण मला तो जवळचा वाटतो स्पेलिंगमुळे. मी मराठी मिडियमच्या पोरांना इंग्लिश शिकवते. मराठी धडाधडा वाचणारी पोरं टफ, थ्रू, दो, कॉफ या चारही शब्दांत तेच ओ-यू-जी-एच बघून रडकुंडीला येतात आणि स्वतःलाच ढ समजायला लागतात, ते बघवत नाही हो. गॉडफ्रे हेच सांगत होता, दोष मुलांचा नाही, स्पेलिंगचा आहे. नुसतं बोलला नाही, एक लाख शब्दांचा मजकूर घेऊन कुठला उच्चार किती वेळा येतो ते मोजलं, १९२३ मध्ये त्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्या नावातल्या ‘रिलेटिव्ह’चा शेवटचा ई सुद्धा उडवला! ऐंशी ओलांडल्यावरही, १९७१ मध्ये, याच विषयावर आणखी एक पुस्तक.

एक गोष्ट मात्र मला माफ करता येत नाही. त्यांच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता, त्यावरूनच वडिलांना १९०५ मध्ये राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला, तरी क्लबने धोरण सोडलं नाही. प्रत्येक मुलाला वाचता यावं म्हणून आयुष्य घालवणाऱ्या माणसाला आपल्याच घरचं हे बंद दार खटकायला हवं होतं.

लेक प्लॅसिडजवळ ड्युईंच्या काळातलं एक लॉज आहे, पाटीवर आजही लॉजचं स्पेलिंग एल-ओ-जे. तिचा फोटो मी वर्गात दाखवला, सगळ्यात मागे बसणाऱ्या पोराने पहिल्या झटक्यात बरोबर वाचलं.