‘वर पोहा’ म्हणणं सोपं, पण वर कुठे?

व्हॉट्सअॅपवर पोर्तुगालमधल्या नाझारेच्या लाटांचा एक व्हिडिओ फिरतोय. खाली सल्ला: ‘सर्फिंग करताना लाटेने गिळलं तर घाबरू नका. आधीच दहा-बारा जोरदार श्वास मारून घ्या, पाण्याखाली गेल्याबरोबर सगळी ताकद लावून वर पोहा. फुगणारं जॅकेट असेल तर काळजीच मिटली.’

ताकदीचं आधी बघू. गोव्यात सर्फिंग शिकत होतो तेव्हा जेमतेम छातीएवढ्या लाटेने मला गरगर फिरवलं. जीव खाऊन वर पोहलो आणि कपाळ वाळूवर आपटलं! ती तर पोराटोरांची लाट. नाझारे किंवा कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सला लाट फुटली की पाण्यात इतकी हवा मिसळते की हात मारला तरी पकड मिळत नाही, अंगही नीट तरंगत नाही. धडपडीत जळतो तो फक्त ऑक्सिजन. म्हणून जाणते सर्फर डोकं हातांनी झाकतात, अंग आखडून घेतात आणि घुसळण ओसरेपर्यंत गप्प राहतात. मग उजेड शोधायचा. तो नसेल तर लीश, म्हणजे पायाला बोर्डाशी बांधणारी दोरी, चाचपायची. बोर्ड तरंगत असतो, त्यामुळे दोरी बहुतेक वेळा वरची दिशा दाखवते. (तीच खडकात अडकली तर मात्र झटक्यात सोडता यायला हवी.) मोठ्या लाटांमध्ये साधारण 15-20 सेकंदांचं अंतर असतं. पहिलीने सोडायच्या आत दुसरी डोक्यावर आली, की हिशोब दुप्पट. मार्च 2011 मध्ये मॅव्हरिक्सला सर्फर सायन मिलोस्की जिवाला मुकला तो अशाच लागोपाठच्या दोन लाटांखाली.

जोरजोरात श्वास मारण्याचा सल्ला तर घातकच. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. ‘श्वास घे’ हा इशारा कार्बन डायऑक्साइड वाढल्यानेच मिळतो. इशारा उशिरा येतो आणि माणूस त्याआधीच पाण्यात बेशुद्ध पडतो.

जॅकेट चांगलंच. 2010 मध्ये मॅव्हरिक्सला मरता मरता वाचल्यावर सर्फर शेन डोरियनने असं जॅकेट बनवण्याचा ध्यास घेतला. पण ते फुगवायला दोरी ओढावी लागते, आणि दोरी ओढायला शुद्ध लागते. ऑक्टोबर 2013 मध्ये नाझारेला सर्फर माया गाबेरा बेशुद्ध पडली, तेव्हा तिला ओढून काढलं ते जोडीदार कार्लोस बुर्लेने. किनाऱ्यावर छाती दाबून तिला परत आणावं लागलं. 2020 मध्ये तिथेच तिने 73.5 फुटांची लाट सर केली.

सल्ल्यात जोडीदाराचं नावही नाही. व्हिडिओत जोडीदाराची जेट-स्की मात्र डाव्या कोपऱ्यात स्वच्छ दिसते.