मागचा कट

शनिवारी रात्री साडेअकरा वाजता मी नव्याकोऱ्या कोटाची पाठ ब्लेडनं उसवत बसले होते. कोट त्याच संध्याकाळी शिंप्याकडून आणलेला. शिलाई साडेचार हजार, कापड वेगळं. नवरा दारात येऊन म्हणाला, "उसवायचाच होता तर माझ्या लग्नातला घ्यायचास." मी काही बोलले नाही. ब्लेड मात्र जरा जोरात चाललं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले. का, ते विचारू नका. माझ्या गुडघ्यांनीही विचारणं सोडून दिलंय. रविवारी क्लबात शो होता. घोडा आणि स्वार मिळून कसे दिसतात, यावर गुण. घोडी उत्तम. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, अंगावर तूप चोळल्यासारखी चकाकी. प्रश्न माझा होता.

शोचा कोट लांबून बघितला तर साधा गडद कोट. पण तो उभ्या माणसासाठी नसतोच, बसलेल्यासाठी असतो. लगाम धरून हात पुढं केले तरी बाही मनगटाच्या हाडावर राहिली पाहिजे. खांद्यात ओढ नको, कॉलर मानेवरून उठायला नको. कंबरेत घेतलेला हवा, पण बसल्यावर खालच्या बटणानं जीव मुठीत धरायला नको. आणि मागं कट पाहिजेच, मधोमध एक किंवा बाजूंना दोन. त्यामुळं कोट दोन्हीकडं नीट पडतो. नाहीतर खोगिराच्या मागच्या कडेवर कापड गोळा होतं आणि स्वाराला कुबड येतं. विलायतेत शोच्या बऱ्याच गटांत ट्वीड, म्हणजे जाड लोकरी कापड, घालतात. आमच्याकडं मार्चमध्ये ट्वीड घालायचं म्हणजे मटणाबरोबर आपणही शिजायचं. मी नेव्ही ब्लू, पातळ, जरासं ताणलं जाणारं कापड घेतलं.

ऑनलाइन आधीच करून झालं होतं. खांद्यात बसला तो छातीत नाही, छातीत बसला त्याच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. दोन्ही परत.

मग शिंपी. लेडीज टेलर राजारामपुरीतला. "कोट? शिवू की. मापाचा घेऊन या." मापाचा म्हणजे जुना, बरोब्बर बसणारा. तो असता तर मी कशाला आले असते, हे त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "मग ब्लाऊज तरी आणा." जेन्ट्स टेलर लक्ष्मीपुरीतला. तो पंख्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, माप घरनं लिहून आणा." कोल्हापूरच्या आम्ही बायका सर्रास "मी येतो", "मी जातो" म्हणतो. भाषेत एवढी मोकळीक आहे. कोटाच्या मापाला आलो की परत बाई.

तिसरे मास्तर महाद्वार रोडजवळच्या बोळात. बँडवाल्यांचे कोट शिवतात, त्यामुळं धीर होता. त्यांनी तोड काढली: टेप बायकोच्या हातात, वही त्यांच्या, मधे पडदा. ते पडद्यापलीकडून विचारत, "छाती?" आणि वहिनी आकडा सांगत. सांगत म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. कंबरेच्या वेळी त्या थांबल्या, टेप पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "न्हाई, बरोबरच हाय." हे मी विसरणार नाही.

ट्रायल बुधवारी. कच्ची शिलाई, एकच बाही. मी म्हटलं, "मास्तर, मला बसून बघायचंय." मास्तरांनी स्टूल पुढं केलं.

"तसं नाही. घोड्यावर बसल्यासारखं."

मास्तर विचारात पडले. तेव्हा कोपऱ्यातले काका बोलले. इतका वेळ मला ते कापडाचा ढीगच वाटले होते. ऐंशीच्या घरातले, कान मोडलेले, म्हणजे तालमीतले. नातवाच्या लग्नाच्या कोटासाठी आलेले. "पोरा," ते मास्तरांच्या हेल्परला म्हणाले, "ते दोन तागे काढ. बाकावर आडवे ठेव. लेकी, बस."

बसले. काय करणार? काकांनी माझ्या हातात मापाची टेप दुहेरी करून दिली आणि दुसरं टोक स्वतः धरलं. "हां. हा लगाम. आता मी घोडा."

"काका, राहू दे."

"गप. हात वर घे. आता मी मान झटकतोय." आणि ऐंशी वर्षांच्या माणसानं खरोखर मान झटकली. टेप ताणली, माझा हात पुढं गेला, बाही कोपराकडं निघाली. "बघ! बाही अपुरी!" काका विजयी. मास्तरांनी खडूनं खूण केली. "आता दुडकी." काका जागच्या जागी दुडकायला लागले. मीही तालात उठबस केली, कारण अंगवळणी पडलेलं. बोळात तोवर माणसं थांबली होती. एका बाईनं पिशवी खाली ठेवली. हेल्पर मोबाईल काढत होता. मी बघितल्यावर खिशात घातला, पण फार खोल नाही.

खरं सांगायचं तर काका मास्तरांपेक्षा हुशार निघाले. खांद्यातली ओढ त्यांनी सांगितली. कंबर अर्धा इंच सैल करायला त्यांनीच लावली, "पोट आत घेऊन किती वेळ बसंल ती?" असं बोळाला विचारून. मग ते माझ्या मागं गेले आणि गप्प झाले.

"हे काय?"

"कट आहे."

"फाटल्यागत दिसतंय."

"असाच असतो, काका."

"आमच्या आज्यानं शाहू महाराजांना घोड्यावर बघितलंय. मागं असलं काय बी नव्हतं." महाराज १९२२ मध्ये गेले. काकांच्या आज्याचं वय मी मनात मोजलं. जमत होतं, त्यामुळं बोलायची सोय राहिली नाही. "त्यापरीस जोधपुरी शिव. बंद गळा, झाकपाक."

इथं मी चूक केली. त्यांना समजावत बसले, की जोधपूरचं नाव विलायतेत झालं ते विजारीमुळं. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठीला सर प्रतापसिंग गेले, तेव्हा त्यांच्या मांडीला ढगळ आणि पोटरीला घट्ट विजारी बघून इंग्रज पोलोवाले वेडे झाले. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे त्यांनी विजार आपली घेतली, आन् आपण फाटका कोट त्यांचा?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"कार्यक्रम कधी हाय?" त्यांनी जाताना विचारलं. मी भाबडेपणानं सांगितलं. जागाही सांगितली.

शनिवारी कोट मिळाला. दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी, घालून बघायला जागा नाही. घरी येऊन बघते तर मागचा कट गायब. वरपासून खालपर्यंत डबल टीप. फोन केला.

"ते काकांनी सांगितलं हो," मास्तर म्हणाले. "बंद करून दिलंय. त्याचे पैसे लावले न्हाईत."

पैसे मी दिलेले, पाठ माझी, आणि शेवटचा शब्द नातवाच्या कोटासाठी आलेल्या माणसाचा. काका गोड आहेत, पण गोड माणसाचा राग करताच येत नाही, हा काय न्याय? "मॅडम म्हणतात तसं" हे शब्द त्या शहाण्या मास्तरांच्या तोंडात आलेच नाहीत. बँडमधल्या ढोलवाल्याचा कोट त्याला न विचारता यांनी कधी शिवून टाकला असता?

एक वाजता उसवून झालं. टिपेच्या भोकांची रेघ राहिलीच.

रविवारी घोडी सुरेख चालली. कोट खोगिरावर दोन्हीकडं छान पडला, बाही मनगटावर, कॉलर जागेवर. परीक्षकांच्या समोरून दुडकीत जाताना मला वाटलं, जमलं. तेवढ्यात कठड्याकडून तालमीतला आवाज आला.

"लेकीऽ! मागं उसवलंय गंऽ!"

सहकुटुंब आले होते. नवरदेव नातूसुद्धा. हसले सगळेच, परीक्षकांनी फक्त मान खाली घातली.

तिसरा नंबर आला. चौघींत. बाहेर आले तर काकू वाट बघत उभ्या. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि हातावर ठेवली. "लाव. माणसं बघत्यात."

मी कट म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडलं. काकू माझ्या मागं पोचल्याही होत्या.