क्रम बदलला, एवढ्यावरून काय सिद्ध होतं?

सध्या फिरत असलेला दावा असा: दोन फोनवर एकाच वेळी एकच शब्द शोधा. निकालांचा क्रम वेगळा आला, म्हणजे सर्च इंजिनने तुमचा स्वभाव हेरून यादी बनवली. एकाच फोनवर पुन्हा शोधताना क्रम बदलला, तर मधल्या वेळात कुणीतरी पैसे मोजले. आणि ‘खरी’ यादी हवी असेल तर इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरा.

‘दोन फोन, दोन याद्या, म्हणजे पाळत.’ एक फोन वायफायवर आणि दुसरा मोबाइल डेटावर असला, तरी दोघांचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) वेगळे, म्हणून त्यांवरून बांधलेला ठिकाणाचा अंदाजही वेगळा असू शकतो. शिवाय मुळात फरक किती आपोआप पडतो, हे इथे कुणी मोजलेलंच नाही. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली ते मोजलं. हुबेहूब सारखी दोन खाती एकाच वेळी तोच शोध घेत. तरीही त्यांच्यात दिसणारा फरक त्यांनी बाजूला काढला. उरलेला, म्हणजे खरोखर व्यक्तीनुसार पडणारा फरक गूगलवर सरासरी 11.7 टक्के निकालांत होता, आणि त्यामागे मुख्यतः लॉगिन व आयपी पत्ता. वैयक्तिकीकरण होतं, ते नाकारत नाही. डिसेंबर 2009 पासून गूगलने ते लॉगिन न केलेल्यांनाही लावलं. पण दोन फोनांच्या प्रयोगातून ते दिसत नाही.

‘क्रम बदलला, म्हणजे पैसे दिले.’ पैशांचा लिलाव असतो तो जाहिरातींचा. तो प्रत्येक शोधाला नव्याने होतो आणि त्या जागांवर तशी खूणही असते. खालची यादी हलते ती वेगळ्याच कारणांनी. इंडेक्स, म्हणजे सर्च इंजिनने नोंदवलेल्या पानांची सूची, एका यंत्रावर नसतो. त्याचे तुकडे असंख्य सर्व्हरवर, त्यांच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये. सगळ्या प्रती एकाच क्षणी ताज्या होत नाहीत आणि तुमचा शोध दर वेळी त्याच प्रतीकडे जाईल असं नाही. गूगलचेच जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी 2013 च्या लेखात लिहिलंय, की मोठ्या शोधप्रणालीत पुरेशा सर्व्हरची उत्तरं आली की मागे राहिलेल्यांची वाट न पाहता निकाल पाठवता येतात. म्हणजे एखादं पान गायब झालं, तर कदाचित त्याचा सर्व्हर त्या क्षणी मंद होता, इतकंच! त्यात काही वापरकर्त्यांवर पानांना गुण देऊन क्रम लावणाऱ्या नव्या सूत्रांच्या चाचण्याही चालू असतात. गुण जवळजवळ सारखे असलेली पानं एवढ्यानेही खालीवर होतात.

‘इन्कॉग्निटोत खरी यादी.’ जुन्या कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) आणि लॉगिन सुटतं, आयपी पत्ता तोच राहतो. आणि मूळ, अस्सल अशी यादी कुठेच ठेवलेली नाही.

पक्षपात शोधायचाच तर न बदलणाऱ्या जागा बघाव्यात. युरोपीय आयोगाने 2017 मध्ये गूगलला 242 कोटी युरोंचा दंड केला, तो स्वतःची खरेदी-तुलना सेवा वर दाखवून प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलल्याबद्दल. ती मांडणी कुणा एकाच्या फोनपुरती नव्हती.