बापूच्या दाढेला सोनं बसवायचं का?

बापूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. आता कॅप कसली बसवायची यावर काल सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर दहा वाजेपर्यंत वाद चालला. डॉक्टरांनी सिरॅमिक आणि झिरकोनिया (सिरॅमिकचाच जास्त टणक प्रकार) सांगितलं होतं. सोन्याचं बापूनंच विचारलं.

आण्णा उखडला. "तोळा लाखाच्या वर गेलाय. दाढेला दोन-तीन ग्रॅम तरी लागणार, वर मजुरी. आणि हसलास की पिवळं चमकणार!"

मागची दाढ हसताना दिसते कुणाला? मी सोन्याच्या बाजूचा, आणि ते अनुभवानं. माझी धातूवरची सिरॅमिक कॅप भडंग खाताना एका शेंगदाण्यानं टवका उडून गेली. त्याहून वाईट म्हणजे तोवर तिनं वरची माझी धडधाकट दाढ घासून टाकली होती. सिरॅमिक खडबडीत झालं की समोरच्या दाताला कानसीसारखं लागतं. सोनं जवळपास दाताच्याच चालीनं झिजतं, त्याचा टवका उडत नाही. नीट बसलेली सोन्याची कॅप वीस-तीस वर्षं सहज जाते.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. साध्या सिरॅमिकला जाडी लागते, म्हणून दाढ बाजूनं सव्वा-दीड मिलिमीटर घासतात. सोन्याला अर्धा मिलिमीटर पुरतो. रूट कॅनॉलनं आधीच पोकळ झालेल्या दाढेचं जेवढं राहिलंय तेवढं वाचवायला नको का?

"मग आईची जुनी अंगठी मोडतो," बापू म्हणाला.

"अजिबात न्हाई!" तात्या बोलला. तात्या विट्याकडचा, घरात तीन पिढ्या गलाईचा धंदा. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं गाळायला देशभर पांगली, त्यातलंच त्याचं घर. "जुन्या दागिन्याच्या जोडाला जी डाक लावत्यात, तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू असू शकतोय. केडीएम म्हणत्यात ते हेच. असलं तोंडात घालतात व्हय? आणि चोवीस कॅरेटचं म्हणशील तर ते मऊ, दाढेखाली चेपंल. दाताचं सोनं वेगळं. त्यात चांदी, तांबं, प्लॅटिनम, पॅलॅडियम मिसळत्यात."

एवढं तात्याला कसं ठाऊक, तर त्यानं ओतकाम पाहिलंय. दाढेच्या मापाची मेणाची कॅप करायची, ती साच्यात पुरायची, तापवून मेण घालवायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. मूर्तिकारांची जुनीच रीत. दाताच्या कामात ती रुजवली शिकागोच्या टॅगार्ट नावाच्या दंतवैद्यानं, 1907 साली. वर सोनं इतकं घडवण्याजोगं की कॅपची कड दाबून दाताला अगदी बिलगवता येते. फट राहिली नाही की आत कीड शिरायची वाट कमी.

आण्णा तरी ऐकेना. "गरम चहा झोंबंल की."

जिवंत दाताला झोंबू शकतो, हे खरं. सोन्यातून उष्णता लगेच आत जाते. पण बापूच्या दाढेची नसच काढलीय.

"आणि बापूच्या वरच्या दाढेत भरलेली चांदी?" आण्णानं विचारलं.

इथं आम्ही सगळे गप्प झालो, कारण मुद्दा बिनतोड होता. जुनी चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं भरण) आणि सोनं लाळेत एकमेकांना टेकलं की बारीकसा करंट तयार होतो. खालची दाढ मेलेली असली तरी वरची जिवंत आहे, कळ तिला येणार. बहुतेकांना हे काही दिवसांत थांबतं, पण बापूची ती दाढ आधीच हळवी आहे.

म्हाताऱ्या काकांनी मध्येच विचारलं, माणूस गेल्यावर त्या दाताचं काय? तोंडात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवतोच आपण, तात्या म्हणाला. राख चाळणारे झारेकरी त्यानं पाहिलेत, पण त्यावर तो जास्त बोलला नाही.

शेवटी ठरलं ते एवढंच. बापू उद्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारणार: वरची चांदी आधी बदलायची का, आणि कॅपच्या धातूत काय-काय किती टक्के आहे ते लेखी मिळेल का. कागद आणला की तात्या वाचणार आहे. आण्णाचं मत अजून झिरकोनियालाच.