यंदाचं टार्गेट: एक मस्की (किमान)

मस्की नावाच्या माशाच्या नादाला लागलेल्या माणसाला जानेवारीत काही म्हणजे काही काम नसतं, आणि सगळी भानगड तिथेच सुरू होते. मिनेसोटात तेव्हा तळी इतकी गोठलेली असतात की लोक त्यावरून खुशाल पिकअप ट्रक चालवतात, बर्फाला भोकं पाडून वॉलाय नि पर्च हे मासे काढतात, पण मस्कीचा सीझन डिसेंबर लागता लागता बंद झालेला असतो तो थेट जूनच्या पहिल्या शनिवारी उघडणार. मधले सहा महिने करायचं काय माणसाने? ल्युअरच्या (म्हणजे खोट्या आमिषाच्या) हुकांना धार लावायची, रीलला तेल द्यायचं, यूट्यूबवर दुसऱ्यांनी पकडलेले मासे बघत बसायचं, आणि मग एका रात्री एक्सेल उघडून पुढच्या सीझनची ध्येयं लिहून काढायची. ऑफिसात त्याच सुमारास अप्रेझलचे गोल भरायचे असतात, त्यामुळे हात सैल झालेलाच असतो.

ज्यांना मस्की माहीत नाही (म्हणजे माझे सगळे नातेवाईक) त्यांच्यासाठी सांगतो. पूर्ण नाव मस्केलंज, पाईक माशांच्या घराण्यातला थोरला, लांबट चपटं तोंड, आत दातच दात, आणि स्वभावाने अत्यंत शिष्ट. शेजारच्या विस्कॉन्सिनने तर त्याला १९५५ पासून राज्याचा मासा करून ठेवलाय. इथे त्याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजार वेळा गळ फेका, मग एकदा लागला तर लागेल. मी लगेच हिशोब मांडला, तासाला साठ कास्ट धरले तरी १६६ तास होतात, म्हणजे ऑफिसचा पूर्ण महिना, आणि ऑफिसात निदान महिन्याच्या शेवटी काहीतरी हाताला लागतं. बरं, लागला तरी घरी न्यायचा तर मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे तो ५४ इंचांचा पाहिजे. साडेचार फूट! माझी आई चार फूट अकरा इंच आहे. त्यामुळे कितीही थोर मासा लागला तरी मोजायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा, आणि ५४ च्या वरचा मिळाला तरी मस्कीवाले सोडतातच, तो धर्मच आहे त्यांचा. १९६६ मध्ये सेंट पॉलला मस्कीज इन्कॉर्पोरेटेड नावाची संस्था निघाली, तिने हे सोडायचं वेड गावोगाव पोचवलं.

तर माझी पहिली यादी अशी होती की पाच मस्की, त्यातला एक पन्नास इंचांच्या वरचा, एक अंधारात, एक टॉपवॉटरवर (म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या ल्युअरवर) आणि एक तरी मिल लॅक्स तळ्यावरून. मिल लॅक्स का, तर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथूनच राज्याचा रेकॉर्ड निघाला, ५५ पौंड १४.८ औंस, म्हणजे पंचवीस किलोच्या वर, आणि त्याने ज्याचा रेकॉर्ड मोडला तो १९५७ पासून हलला नव्हता. म्हटलं त्याची बहीण-बिहीण असेलच तिथे अजून.

यादी मी आमच्या शेजाऱ्यांना दाखवली. त्यांना मी मनातल्या मनात बोटवाले काका म्हणतो, कारण बोट त्यांची आणि पेट्रोल माझं. सत्तरी ओलांडलेली, जन्म विस्कॉन्सिनचा, आयुष्यभर प्लंबिंग केलं, रोज बोलायचे शब्द ठरवून घेतलेले असावेत आणि ते दुपारपर्यंत पुरवायचे असावेत असं बोलणं. त्यांनी कागद लांब धरून वाचला, खिशातली पेन्सिल काढली, पाच खोडून एक केला, मग जरा विचार केला आणि एकच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, मासा काय करेल ते तू लिहू नकोस, तू काय करणार ते लिही. मग स्वतःच खाली लिहिलं, प्रत्येक कास्टनंतर आठ.

हे आठचं प्रकरण असं आहे की मस्की पुष्कळदा ल्युअरच्या मागे मागे पार बोटीपर्यंत येतो आणि तिथे ठरवतो, म्हणून ल्युअर बाहेर काढायच्या आधी रॉडचं टोक पाण्यात खुपसून मोठ्ठा आठचा आकडा काढायचा, वळणं रुंद ठेवायची, कारण घेतला तर तो बहुतेक वळणावर घेतो. प्रत्येक कास्टला. मासा दिसो न दिसो. नऊ फुटी रॉड, शंभर पौंडाचा ताण झेलणारी दोरी, वर पावशेराचं रबर, आणि तुम्ही निर्मनुष्य तळ्यात आकडे गिरवताय. पहिल्या दिवशी काका बराच वेळ बघत होते, मग म्हणाले तुझा आठ अर्धवट आहे. खरंच होतं, मी सवयीने मराठी ८ काढत होतो, तो खाली जातो आणि बाहेरच्या बाहेर पसार होतो, आणि मासाही त्याच दिशेने. झेडपीच्या शाळेत पाटीवर घोटवून घेतलेला आकडा पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिनेटोंका तळ्यात आडवा येईल असं आमच्या गुरुजींना कधी वाटलं नसेल.

आणि फॉलो! मस्कीवाल्यांच्या जगात फॉलो ही कमाई असते. मासा स्थळ बघायला आल्यासारखा बोटीपर्यंत येतो, ल्युअर नखशिखांत बघून घेतो, आणि दोन दिवसांत कळवतो असा चेहरा करून खाली निघून जातो. संध्याकाळी लोक एकमेकांना सांगतात, आज तीन फॉलो. मी आधी हसायचो. आता माझ्या एक्सेलमध्ये फॉलोचा वेगळा कॉलम आहे, त्यात फॉलोचा वेग आणि उत्साह असे दोन उपकॉलम आहेत, उत्साहाला मी पाचपैकी मार्क देतो.

यादी फ्रिजवर लावली हा काही फार मुत्सद्दीपणा झाला नाही. बायकोने दुसऱ्याच दिवशी खाली जांभळ्या पेनने लिहिलं, नवीन ल्युअर: ०. आता हे शून्य कागदावर सोपं दिसतं. पण बकटेल काळी वेगळी, केशरी वेगळी, मळकट पाण्याची वेगळी, स्विक नावाचं लाकडी फळकूट तर पाहिजेच, ते लोक कित्येक दशकं वापरतायत, रबरी मोठे डॉग वेगळे, आणि एकेक पंचवीस-तीस डॉलरला. बायकोचं म्हणणं, एवढ्यात आपल्याला सहा महिने रोज सुरमई आली असती, तीही साफ करून. मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं अगं ही गुंतवणूक आहे, तर ती म्हणाली मग डिव्हिडंड दाखव.

एका बाबतीत मात्र आमचं जमतं, ते म्हणजे चंद्र. मस्कीवाल्यांचा चंद्रावर जबरदस्त विश्वास, चंद्रोदय, चंद्रास्त, चंद्र डोक्यावर, चंद्र पायाखाली, सगळ्याच्या वेळा ॲपवर असतात आणि त्या वेळेला जो तो आपापल्या खास जागेवर जाऊन उभा राहतो. बायको संकष्टी करते. जूनमध्ये इथे सूर्यच नऊला मावळतो, चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत अकरा वाजून जातात, म्हणजे ती घरात मोदकांकडे बघत ताटकळलेली आणि मी तळ्यात काळ्या ल्युअरकडे बघत ताटकळलेलो, दोघं एकाच ॲपवर. उगवला की मी तिला मेसेज टाकतो, तळ्यावर क्षितिज मोकळं असल्यामुळे मला आधी दिसतो. दर महिन्याला तिचा उपवास सुटतो, माझा नाही.

ह्याच संकष्टीने एकदा घात केला. तिने प्रेमाने उपवासाचा डबा दिला होता, त्यात केळ्याचे वेफर्स. बोटीवर केळं हा महाभयंकर अपशकुन मानतात, इथले लोक केळ्याच्या वासाचं सनस्क्रीनसुद्धा बोटीवर चालवून घेत नाहीत, आणि मी काकांपुढे रत्नागिरीहून आलेलं पाकीट धरलं. त्यांनी एक खाल्ला, आवडला, दुसरा घेतला, विचारलं कशाचे आहेत. मी सांगितलं. त्यानंतर जी शांतता पसरली ती लंचपर्यंत टिकली. त्यांनी दोन्ही वेफर्स खाल्लेले असल्यामुळे दोष नेमका कोणाला द्यायचा हा पेच होता, तो अजून सुटलेला नाही.

मधे आम्ही सहकुटुंब हेवर्डला जाऊन आलो. विस्कॉन्सिनमधलं हे छोटं गाव म्हणजे मस्कीवाल्यांचं पंढरपूरच, तिथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं हॉल ऑफ फेम आहे आणि आवारात फायबरग्लासचा १४३ फुटी मस्की उभा आहे, पोटातून जिना चढून जबड्यात जाऊन उभं राहता येतं. जबड्यात उभं राहून बायको म्हणाली, पन्नास इंचांच्या वर आहे ना? मग टिक कर आणि चल जेवायला. खाली रेकॉर्डचा इतिहास वाचत बसलो. १९४९ साली ह्याच परिसरातल्या चिपेवा फ्लोएज नावाच्या जलाशयातून लुई स्प्रेने ६९ पौंड ११ औंसांचा मासा काढला, हॉल ऑफ फेम तो जगातला सगळ्यात मोठा मानतं, पण इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन तो मानत नाही, ते त्याच वर्षी जवळच्याच तळ्यातून कॅल जॉन्सनने काढलेला ६७ पौंड ८ औंसांचा मानतात, आणि जुने फोटो घेऊन मासा खरा किती लांब होता ह्याची गणितं लोक अजून मांडतायत. पाऊणशे वर्षं! आमच्याकडे बांधाच्या केसेस चालतात एवढी वर्षं, पण तिथे शेवटी जमीन तरी असते.

जुलैत आई आली. आई रत्नागिरीची, मासा बाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिचा कोणावर विश्वास बसत नाही. पहिल्याच दिवशी फ्रिजसमोर उभं राहून तिने यादी वाचली. काय रे, एवढं करून मासा सोडायचा? सोडायचा. मग धरायचा कशाला? मी तिला संवर्धन, प्रजनन वगैरे समजावलं, तिने शांतपणे ऐकून विचारलं, काटे फार असतात का? म्हटलं असतात, वाय आकाराचे. मग सोडलेलाच बरा, म्हणाली. हे संवर्धनाचं सगळ्यात छोटं भाषण.

पण तिचं खरं म्हणणं वेगळं होतं. आपल्याकडे यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंद असतात, माशांचे अंडी घालायचे दिवस, पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग होडी घालायची, आणि तुम्ही मेल्यांनो जूनच्या पहिल्या शनिवारीच सुरू करता, नारळ न देता, तर मासा मिळणार कसा? मस्की एप्रिल-मेमध्येच अंडी घालून मोकळा होतो हे मी सांगितलं, ते तिने कानाआड केलं. यादीत तिची भर पडली: नारळ. आता तळ्यात नारळ टाकायचा म्हणजे मला घाम फुटला, कारण इथे झेब्रा मसलसारखे उपरे जीव पसरू नयेत म्हणून इतकी कडक व्यवस्था आहे की बोट पाण्याबाहेर काढली की ड्रेन प्लग (बोटीच्या तळाचं बूच) उघडूनच रस्त्यावर न्यावी लागते, आणि मी तिथे जाऊन श्रीफळ सोडू? शेवटी तडजोड झाली. आईने काकांच्या ड्राइव्हवेमध्ये बोटीभोवती नारळ ओवाळला, बोटीच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ घरी आणून नारळीभात केला. काकांनी टोपी काढून हातात धरली होती. भात दोनदा घेतला. केळं नाहीये ना, एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात पाणी ८० डिग्री फॅरनहाइटच्या वर गेलं. एवढ्या गरम पाण्यात मस्की झुंजला तर सोडल्यावरही मरू शकतो म्हणून जबाबदार मस्कीवाले तेव्हा जातच नाहीत. गरम पाण्यात मासेमारी न करणे हेही माझं एक ध्येय होतं, आणि सांगायला अभिमान वाटतो की ते मी एसीत सोफ्यावर पडून शंभर टक्के पूर्ण केलं. यादीतली पहिली हिरवी टिक.

पुढे श्रावण होता म्हणून घरात मासे बंद. धरून सोडला तर श्रावणात चालतो का, ह्यावर आई आणि बायकोची चर्चा झाली आणि निकाल माझ्या बाजूने लागला, म्हणजे मला रान मोकळं आणि तरी मासा नाही.

सप्टेंबरच्या शेवटी काकांनी पेन्सिलीने अजून एक ओळ घातली: जाळं नीट धरायचं. हे सगळ्यात भीतीदायक. दुसऱ्याचा मस्की जाळ्याच्या काठाला लागून सुटला तर लोक वर्षानुवर्षं बोलत नाहीत म्हणतात, आणि काका तर आधीच बोलत नाहीत, त्यामुळे मला कळणार कसं? ऑक्टोबरात एका गारठलेल्या दुपारी त्यांच्या आठच्या दुसऱ्या वळणावर पाणी फुटलं, ते फक्त एवढंच म्हणाले, जाळं. मी डोळे मिटून जाळं खाली सारलं आणि उघडून बघतो तर मासा आत. सत्तेचाळीस इंच. त्याला जाळ्यातच पाण्यात ठेवून काकांनी लांब पक्कडीने हूक काढले, क्षणभर उचलला, मी फोटो काढला, आणि तो शेपटी मारून खाली गेला. माझी दुसरी हिरवी टिक.

फोटो मी आईला पाठवला, एव्हाना ती रत्नागिरीला परत गेली होती, आणि तिने तो खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोत टोपीवाले काका मधोमध, मासा अर्धा कापला गेलेला, कारण माझे हात थरथरत होते. खाली आईने लिहिलं, आत्ता दोन मिनिटांपूर्वी ह्याच्या डोळ्यांसमोर होता. गेला.

गुहागरच्या मामांनी तत्परतेने भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं. त्याखाली धडाधड हात जोडले गेले, पुण्याच्या मावशीने ईश्वर मृतात्म्यास शांती देवो टाकलं, आणि मामांनी विचारलं, वय काय होतं?

आईने मला फोन करून विचारून घेतलं आणि लिहिलं, बारा-तेरा असेल म्हणतायत. मादी होती.